रिकामा गळा

१

रेकॉर्डिंग असलं की कावळा आंघोळ करून मोरीपाशी स्टुलावर बसायचा आणि बाबा त्याचं तोंड रंगवून द्यायचे. आधी पांढरा रंग, भिंतीला चुना मारावा तसे दोन हात. मग काळा, डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कोपऱ्यांतून हनुवटीपर्यंत ओघळल्यासारखा. बाबांचा हात अगदी स्थिर होता. आई येता-जाता थांबून बघायची.

"पिठाच्या डब्यात तोंड घालून आल्यासारखा दिसतोयस," ती म्हणायची. "मागच्या दाराने जा बाबा. शेजारी मला विचारतात, पोराला काय होतंय म्हणून."

कावळा हे त्याचं बँडमधलं नाव, पण घरातही तेच पडलं होतं. चौघांचा बँड, ब्लॅक मेटल वाजवणारा. ड्रम उधळल्यासारखे, गिटारी करवतीसारख्या आणि त्यावर कावळ्याचं घसा फाडून ओरडणं. एरवी हा मुलगा इतका लाजाळू, की वाण्याकडे साखर मागतानाही साखरेच्या पोत्याकडे बघून बोलायचा. शाळा लवकर सुटली होती. तेव्हापासून तो काचेच्या दुकानात काचा कापायचा. तोंडाला रंग असला तरच त्याला ओरडता यायचं, आणि तरीही स्टुडिओतल्या आवाजाच्या खोलीत तो काचेकडे पाठ करून, डोळे घट्ट मिटून उभा राहायचा.

बाबा पूर्वी बसस्टँडवर घोषणा द्यायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटायच्या तयारीत आहे, ते सांगायचे. सगळं गाव त्यांना आवाजाने ओळखायचं, चेहऱ्याने कोणीच नाही. आई म्हणायची, "मी आधी आवाजाला हो म्हटलं. माणूस नंतर बघितला, तोवर उशीर झाला होता." घरी मात्र बाबा जेमतेम कुजबुजायचे, जणू दिवसभर आवाज स्टँडवर वापरायचा आणि तिथेच जमा करून यायचा. दूध वर यायला लागलं की त्यांना बाहेरच्या खोलीत वासानेच कळायचं. ते म्हणायचे, "गाडी लागली." आई आतून म्हणायची, "ऐकलं, ऐकलं."

मग त्यांच्या घशात गाठ झाली आणि ती काढताना डॉक्टरांना आवाजाची पेटीच काढावी लागली. आता ते मानेच्या खळगीतल्या भोकातून श्वास घ्यायचे. त्यावर आई रोज धुतलेला सुती रुमाल बांधायची. गळ्याला लावून बोलायचं यंत्र आणलं होतं. बाबांनी एकदा लावून बघितलं, स्वतःला ऐकलं, आणि ते कपाटात ठेवून दिलं. हातात कायम एक स्टीलचा पेला असायचा. त्यावर नखाने एकदा वाजवलं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एवढ्यावर घर चालायचं.

त्यांचा आवाज कुठेच साठवलेला नव्हता. स्टँडवर आता यंत्रातली एक बाई बोलायची. घरच्या व्हिडिओंत फोन बाबांच्याच हातात असायचा, म्हणून त्यात बाकी सगळे बोलत होते आणि बाबा हसू दाबत गप्प होते. रोज बोलणाऱ्या माणसाचा आवाज कोण जपून ठेवतो.

त्याच वर्षी कावळ्याने गाणी लिहिली. अल्बमचं नाव ठेवलं 'रिकामा गळा'.

२

अल्बमला मोठं बक्षीस मिळालं. काळ्या काचेची पाचरीसारखी ट्रॉफी होती. कावळ्याने आधी तिच्या कडेवरून बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "हाताने घासलीय. चांगलं काम आहे." आईने ती फ्रिजवर ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी तिला घराच्या किल्ल्या अडकवल्या.

"ओरडल्याबद्दल बक्षीस," ती म्हणाली. "मी या घरात इतकी वर्षं ओरडतेय, मला कोणी साधा हारही घातला नाही."

बाबांनी पेल्यावर एकदा वाजवलं. आईने त्यांच्या पाठीत हळूच धपाटा घातला.

परीक्षकांनी लिहिलं होतं, की गायक ओरडता-ओरडता ज्या जागी अचानक थांबतो, त्या जागा अंगावर काटा आणतात. नव्या आवृत्तीसाठी आणखी दोन गाणी हवी होती. म्हणून चौघे पुन्हा त्याच स्टुडिओत गेले. तो एका शिवणकामाच्या कारखान्याखालच्या तळघरात होता. वरची यंत्रं दिवसभर गुरगुरायची. रेकॉर्डिंगच्या वेळी तेवढी ती बंद ठेवायची, असं ठरलेलं होतं.

स्टुडिओ चालवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे. त्याच्या गालात सतत पेपरमिंटची गोळी असायची.

"या, बक्षीसवाले," तो म्हणाला. "या खेपेला माझं ऐकावं लागेल बरं का. बोलायचा माइक दुरुस्त केलाय. मी इथून बोललो की थेट तुझ्या कानात."

"तो बिघडला होता?" कावळ्याने विचारलं.

"अख्ख्या अल्बमभर मेलेला होता. निरोप दिला होता की मी, कानात काही येणार नाही, समोरच्या भिंतीवरचा लाल दिवा लागला की सुरू कर."

"निरोप माझ्याकडे दिला होता," ड्रम वाजवणारा हातोडी म्हणाला. "ह्याला सांगायचं राहिलं बहुतेक. पण काही अडलं का? हा तर बरोबर वेळेवर सुरू व्हायचा."

कावळा हसला. चेष्टा चालली आहे असं त्याला वाटलं. "मास्तर, तुम्ही बोलत होतात ना. घाई नाही, म्हणायचात."

"मी?" मास्तरने गोळी या गालातून त्या गालात नेली. "घाई नाही असं मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नाही. तासावर भाडं घेतो मी."

बाकीचे हसले. कावळ्याने भिंतीवरच्या लाल दिव्याकडे बघितलं. तिथे दिवा आहे हेच त्याला आज कळत होतं. अल्बमभर त्याचे डोळे मिटलेले होते. अल्बमभर हेडफोनमध्ये कोणीतरी कुजबुजत होतं. सावकाश. घाई नाही. आता थांब. आणि ओरडायला सुरुवात करायच्या आधी, दर वेळी: लागली.

मास्तरच्या धंद्यातला शब्द असेल, असं त्याने तेव्हा धरून चाललं होतं. कुजबुजीला कोणाचाच असा खास आवाज नसतो. म्हणून त्याने कधी विचारच केला नव्हता.

३

त्याने स्वतःची समजूत घातली. कारखान्यात कोणाचा तरी रेडिओ चालू असेल. तार जुनी असेल. शिवाय माणूस घाबरलेला असला की त्याला हवं ते ऐकू येतं. त्याने हेडफोन चढवले, पाठ फिरवली आणि डोळे मिटले.

"ऐकू येतंय का रे?" मास्तर कानात इतक्या मोठ्याने बोलला, की तो दचकला.

"येतंय."

"मग लाव जोर."

वरची यंत्रं थांबली. गिटारी सुरू झाल्या. कावळा वाट बघत राहिला. आणि मास्तरच्या आवाजापेक्षा कितीतरी जवळ, हेडफोनच्या गादीच्याही आत, कोणीतरी म्हणालं, "सावकाश."

त्याच्या छातीत एकदम ऊब पसरली. लहानपणी तापात कपाळावर हात पडायचा तशी.

"लागली," कुजबूज म्हणाली, आणि त्याने तोंड उघडलं.

ओरडणं आलंच नाही. गळ्यातून काहीतरी गेलं खरं, पण ते त्याला स्वतःला ऐकू आलं नाही. गिटारी एकेक करून थांबल्या. त्याने वळून बघितलं तर काचेपलीकडे सगळे उभे राहिले होते. हातोडीच्या खांद्याला बॅग होती. मास्तरने एक पाय जिन्याच्या पायरीवर ठेवला होता आणि तो आपल्या पायाकडे बघत होता.

मास्तरने परत येऊन ते लावून दाखवलं. स्वच्छ, भरदार, तळघराच्या भिंती लहान वाटाव्या असा आवाज. प्रवाशांनी आपलं सामान सांभाळावं. लहान मुलांचा हात धरावा. गाडी सुटायच्या तयारीत आहे.

"नक्कल झकास करतोस की," हातोडी म्हणाला. पण त्याने बॅग खाली ठेवली नाही.

कावळ्याला फक्त आई दिसत होती. हे घरी न्यायचं, तिच्या कानाला लावायचं. त्याने मास्तरला खुणेनेच पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यात नुसती खरखर होती. तिसऱ्या वेळी तीही नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी दुकानात एक वयस्क बाई खिडकीची काच मोजून घ्यायला आल्या. मालक बाहेर गेला होता. कावळ्याने काच फळीवर ठेवून माप घेतलं आणि ते त्यांना सांगितलं. माप बरोबरच होतं. आवाज त्याचा नव्हता.

बाई बाकावरून उठल्या. त्यांनी पिशवी उचलली, पदर सारखा केला आणि रस्त्याकडे निघाल्या. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी मागे बघितलं.

"मी कुठे निघाले?" त्यांनी विचारलं. मग स्वतःशीच हसल्या. "तुमचा आवाज ओळखीचा वाटला हो. फार दिवसांनी ऐकला. वाटलं, आता निघायलाच हवं."

काच न घेताच त्या गेल्या. रस्त्यावर येऊन त्यांनी दोन्ही बाजूंना बघितलं, जशी माणसं गाडी यायची वाट बघतात. कावळा काच कापायचं पातं हातात धरून तसाच उभा राहिला. त्यांच्या मागे धावावं असं त्याला वाटत होतं. पण हाक मारायची तर तोंड उघडावं लागणार होतं.

संध्याकाळी दुकानाच्या गोदामामागे, जिथे फुटक्या काचांचा ढीग असायचा, तिथे जाऊन त्याने ओरडून बघितलं. कावळ्याची काव सुद्धा आली नाही. त्याचं स्वतःचं काही आत उरलंच नव्हतं. आणि त्या ओरडण्याखेरीज त्याच्याजवळ दुसरं होतं तरी काय.

५

घरी तो बोलेनासा झाला. घसा बसलाय, असं त्याने खुणेने सांगितलं.

"झालं," आई म्हणाली. "एक मुका होता तो कमी पडत होता. आता मी काय भिंतीशी बोलू? तिलाही आधी रंग लावून आणा, मग बोलेल."

ती मिठाचं पाणी गरम करून आणायची आणि तो गुळण्या करायचा. जेवताना आई दिवसभराचं सगळं सांगायची आणि तो मान हलवायचा. एक शब्द. तो नुसतं "आई" म्हणाला असता तरी तिच्या हातातलं भांडं पडलं असतं. इतके दिवस ती ज्यासाठी झुरत होती, ते त्याच्या गळ्यात तयार होतं. पण मग ती उठली असती. पिशवी उचलली असती. कुठे निघाली असती ते त्या काचेवाल्या बाईंनाही सांगता आलं नव्हतं.

बाबा त्याच्याकडे बघत राहायचे. एके दुपारी आई बाहेर गेली असताना ते दुसरा एक पेला घेऊन आले आणि त्याच्यापुढे ठेवला. मग त्याच्या गळ्याकडे बोट करून भुवया उंचावल्या. दुखतंय का?

कावळ्याने दोनदा वाजवलं.

बाबांनी आपल्या कानाला हात लावला. सांग मला.

त्याने पेला बाजूला सारला. मग पुढे वाकला, बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि शक्य तितक्या हळू म्हणाला, "बाबा, हे तुमचं आहे. परत कसं देऊ?"

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी ते ओळखलं होतं यात शंकाच नव्हती. एवढ्या काळाने वाटेत भेटलेल्या माणसाकडे बघावं तसं ते मुलाच्या ओठांकडे बघत होते. पण त्याच वेळी त्यांचे पाय खुर्चीखाली काहीतरी चाचपडू लागले. डावा, मग उजवा. ते चपला शोधत होते.

बाबांचं लक्ष पायांकडे गेलं. त्यांनी चटकन मुलाच्या तोंडावर हात ठेवला आणि आई येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रुमाल बांधून, पेला खिशात घालून दारात उभे होते. रंगाची डबी त्यांनी घेतली नव्हती.

६

"काकांना बघायचंय स्टुडिओ," हातोडीने मास्तरला सांगितलं. "बसू दे त्यांना आत."

आवाजाच्या खोलीत दोन स्टुलं मांडली. माइकपुढे गोल कड्यात ताणलेलं पातळ काळं कापड होतं, श्वासाचा फटका माइकवर बसू नये म्हणून असतं तसं. दोघांनी हेडफोन घातले. रंगाशिवाय कावळ्याला उघडं-उघडं वाटत होतं. आज पहिल्यांदाच तो काचेकडे तोंड करून बसला होता आणि त्याने डोळे मिटले नव्हते. लाल दिवा लागला. वरची यंत्रं बंद झाली.

मग कुजबूज आली. "सावकाश."

बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, आणि ते हसू बघून कावळ्याला क्षणभर वाटलं, की संपलं, आता सगळं ठीक होईल, आवाज आपल्या माणसाकडे जाईल.

"घाई नाही," कुजबूज म्हणाली. "ये. लहान मुलांचा हात धरावा. ये."

कावळ्याचा हात आपोआप पायाशी ठेवलेल्या बॅगेच्या पट्ट्याकडे गेला. त्याला कळत होतं, आणि तरी त्यात काही गैर वाटत नव्हतं. निघायला हवं होतं, इतकंच. तो उठून उभा राहिला.

बाबांचं हसू गेलं. त्यांनी पेला काढला आणि माइकच्या दांड्यावर वाजवला. दोनदा. नाही.

"लागली," कुजबूज म्हणाली.

दोनदा. पुन्हा दोनदा. इतक्या जोराने, की काचेपलीकडे मास्तरने कानावरचे हेडफोन काढले.

तेव्हा कावळ्याला ते कापड दिसलं. कापडासमोर कोणीही नव्हतं. ते दोघे बाजूला होते. तरी काळं कापड फुगत होतं आणि बसत होतं, फुगत होतं आणि बसत होतं. आणि ते इकडच्या श्वासाने आत जात नव्हतं. माइकच्या बाजूने बाहेर येत होतं.

बाबांनीही ते बघितलं. त्यांनी पेला मुलाच्या हातात दिला. मानेवरचा रुमाल सोडला, नीट घडी करून गुडघ्यावर ठेवला. मग पुढे वाकून त्यांनी आपला गळा, ते भोक, त्या कापडाला लावलं. तापलेल्या मुलाच्या गालाला गाल लावावा, तितक्या हळुवारपणे.

हेडफोनमध्ये आता दोन श्वास ऐकू येत होते. एक बाबांचा, शिट्टीसारखा, घरातल्या प्रत्येकाला पाठ असलेला. दुसरा त्याच्या मागून येणारा. मास्तर काचेपलीकडून हात हलवत होता आणि त्याचा आवाज कानात पडत होता. "काय चाललंय? नुसते श्वास येतायत, दोघांचे. काकांना बरं वाटत नाहीये का?" दुसरा श्वास हळूहळू पहिल्याबरोबर चालू लागला, पाऊल जुळवून चालावं तसा. मग एकच उरला. तो दोघांपैकी कोणाचा, हे त्याला कितीही कान देऊन सांगता येईना.

कापड थांबलं. बाबा मागे टेकले. त्यांच्या गळ्यावर कापडाच्या जाळीची खूण उमटली होती.

"बाबा," कावळा म्हणाला. आवाज फाटका, घोगरा, काचेवर खिळा ओढावा तसा होता. त्याचा स्वतःचा.

बाबा हसले. त्यांचं हसणं नेहमीसारखंच होतं, खांदे हलत होते आणि आवाज नव्हता.

७

आईला थोडंसं सांगावंच लागलं. हातोडी तिला म्हणून गेला होता, की आज काकांनी रेकॉर्डिंग केलं. कावळ्याने चहाच्या वेळी सांगितलं, की हेडफोनमध्ये कोणीतरी बोललं, बाबांसारखं वाटलं.

आईने चहाचा कप खाली ठेवला. मग ती बाबांसमोर येऊन बसली, त्यांचा रुमाल सारखा करत म्हणाली, "तुमचाच होता का?"

बाबांनी पेला हातात घेतला. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. नख पेल्याच्या कडेवर टेकवलं आणि तिथेच ठेवलं. कावळा वाट बघत होता.

दोनदा.

"नव्हता," आई म्हणाली. "बरं. मग नसू दे." तिने डोळ्याला पदर लावला, मग त्याच पदराने टेबलावरचा नसलेला डाग पुसला. "मेल्याने आशा लावली उगाच. दूध तापत ठेवलंय मी, आलेच."

ती आत गेली. बाप आणि मुलगा बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसून राहिले. फ्रिजवर काळी ट्रॉफी होती आणि तिला अडकवलेल्या किल्ल्या अगदी बारीक हलत होत्या, आताच आईचा धक्का लागला असेल तशा. आतून दुधाचा वास आला, वर येणाऱ्या दुधाचा. जुन्या सवयीने कावळ्याने बाबांकडे बघितलं. बाबांचे ओठ मिटलेले होते. पेला टेबलावर होता आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"ऐकलं, ऐकलं," आई आतून म्हणाली. "बंद केला."

दोघेही हलले नाहीत. दोघेही तिच्या पावलांकडे कान लावून बसले. पावलं ओट्यापासून निघाली, मागच्या दारापाशी थांबली. चपला तिथेच असायच्या. कावळ्याला आपला श्वास बाबांच्या श्वासाबरोबर चालताना ऐकू आला.

मग पावलं वळली. आई तीन पेले घेऊन बाहेर आली.

"असे काय बघताय दोघे?" ती म्हणाली. "भूत बघितल्यासारखे."

बाबांनी तिच्या हातातला पेला घेतला नाही. हातच धरला. ती खाली बसली, दूध गार झालं, तरी त्यांनी तो सोडला नाही.